चार सेंटिमीटर शिल्लक

"एवढ्याशा बेरजेला फोन कशाला?" असं म्हणून जावईबापूंनी कपाटाच्या रिकाम्या खोक्यावरच आकडे मांडले. सोफा १८७, कपाट १५६, टेबल ९८; एकाखाली एक, अगदी शाळेतल्यासारखे. भिंत ४२५ सेंटिमीटर, आणि ती संपते तिथेच बेडरूमचं दार. टेबल बायकोचं होतं. इतकी वर्षं भाषांतराचं काम तिने स्वयंपाकाच्या ओट्यावर केलं होतं. आज टेबल घरात आलं, तर ते भिंतीला मावेल का म्हणून तिचा जीव टांगणीला.

"सात नि सहा तेरा, नि आठ एकवीस. एक खाली, हातचे दोन," म्हणत त्यांनी सवयीने दोन बोटं मिटली.

"दादा, धरा, धरा! कपाट कलतंय!" हमाल ओरडला.

जावईबापूंनी धावत जाऊन दोन्ही हातांनी कपाट सावरलं आणि परत येऊन उरलेली बेरीज झपाट्याने उरकली.

"चारशे एकवीस! चार सेंटिमीटर शिल्लक!"

सोफा लागला, कपाट लागलं. टेबल मात्र जवळजवळ वीतभर दारावर आलं. तेवढ्यात दुपारची झोप संपवून सासूबाईंनी आतून दार ढकललं, ते टेबलावर आपटलं.

"काय आडवं घातलंय?" फटीतून आवाज आला.

"आई, दोनच मिनिटं थांबा. जागा कुठे गेली ते बघतोय."

शहाण्या माणसाने आधी टेबल ओढलं असतं. पण जावईबापूंना आता राहवेना. त्यांनी भिंत पुन्हा मोजली, ती तेवढीच. मग ते सोफ्यामागे डोकावले. तिथे काय मिळणार होतं, कोण जाणे!

"टेबल परत नेऊ का?" हमालाने विचारलं.

बायको नुसती टेबलावरून हात फिरवत राहिली.

"आकडे वाचा बघू मोठ्याने," फटीतून हुकूम आला. त्यांनी वाचले. "ते पहिले हातचे दोन कुठे ठेवले होते?"

"बोटांवर."

"मग कपाट कशाने धरलंत?"

जावईबापूंनी आपल्या उघड्या पंजांकडे पाहिलं. "अरेच्चा! म्हणजे चारशे एक्केचाळीस!"

"अहो, टेबल काटकोनात लावू की!" बायको एकदम म्हणाली. "त्याची रुंदी पन्नासच आहे."

पुन्हा आकडे मांडले गेले. "सात नि सहा तेरा. तीन खाली, हातचा एक." या खेपेला मिटलेलं बोट बायकोने आपल्या मुठीत गच्च धरलं.

"दादा, टेबल उचलायला या," हमाल म्हणाला.

"आत्ता नाही!" दोघं एकदमच ओरडली.

"सोडू नकोस गं!" आतून सासूबाई म्हणाल्या. "माझं काय, मी थांबते!"

खोक्यावर ३९३ उमटले, तेव्हा कुठे ते बोट सुटलं. आणि त्यानंतर सासूबाई.