दाऊदचाचा आणि ठोठावणारं लेथ

यंत्र बंद केलं की दाऊदचाचा मोठ्याने म्हणत, ‘आलो रं, आलो!’ शेडमध्ये त्यांच्याशिवाय दुसरं कोणी नसायचं.

कडावच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड. आत एक जुनं लेथ, एक स्टूल आणि गुडघाभर भुसा. लेथवर लाकूड फिरवून चाचा लाटणी, खाटेचे पाय, पाळण्याचे खांब करत. पण त्यांचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. कुठल्याही यंत्राचा आवाज बिघडला की लोक चाचांना बोलावत. चाचा लाटण्याचं एक टोक यंत्राला टेकवायचे, दुसरं दातांत धरायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. ‘कान फसवतो रं. हाड नाय फसवत.’ पिठाच्या गिरणीचं निदान असंच झालं. ‘पोटात नाय, खांद्यात हाय.’ उघडून बघतात तर वरचं बेअरिंग फुटलेलं. एकदा ते टेंपोला असे दात लावून उभे असताना ड्रायव्हर म्हणाला, ‘चाचा, मीठ आणू काय?’ चाचांनी डोळे उघडले नाहीत. लाटणं तेवढं तोंडातून काढलं. ‘तुज्या क्लचला घाल. त्याचीच चव गेलीय.’

अशा माणसाचं स्वतःचं लेथ मात्र तीन वर्षं बरं होत नव्हतं. चालताना एकदम शहाणं. बटण बंद केलं, वेग उतरू लागला, की आतून कोणीतरी ठोठावायचं. टक. टक-टक. मग जरा थांबून, अगदी हळू, आणखी एक टक. बंद दारावर बोटाचं पेर वाजवावं तसं.

आता जे सांगतो ते तीन वर्षं मी कोणाजवळ बोललो नाही. ते लेथ माझ्या वडिलांचं होतं.

खालापूरला आमच्या पडवीत ते चाळीस वर्षं चाललं. बाबा पक्षाघाताने आतल्या खोलीत पडले आणि मला पडवीत गाडी लावायला जागा हवी होती. बस, एवढंच कारण. बायकोला सांगितलं, बाबांनीच विकायला सांगितलंय. बाबांना सांगितलं, दुरुस्तीला गेलंय. लेथ टेंपोने चाचांच्या शेडवर पोचवलं आणि त्यांना सांगितलं, रसायनीच्या एका बंद कारखान्यातलं आहे. बाबांची वाचा गेली होती. काही हवं असलं की ते खाटेच्या कडेवर पेर वाजवत. मी गेलो की डोळ्यांनी पडवीकडे खूण करत. ‘येईल, बाबा, येईल.’ पुढेपुढे मी जायचंच सोडलं. शेवटच्या दुपारीही टकटक ऐकू आली. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. मी पान उलटलं.

बाबा गेल्यावर महिन्याभराने चाचांचा फोन आला. ‘दिलीप, तुज्या लेथला आवाज हाय. येऊन ऐक.’

गेलो. ऐकलं. खाटेच्या कडेवर वाजायची तीच टकटक. घरीही हा आवाज होता का, ते मला माहीत नव्हतं. बाबांचं यंत्र थांबेपर्यंत मी कधी तिथे उभाच राहिलो नव्हतो.

त्यानंतर दर शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर फोन. ‘आज येगळंच बोलतंय. ये.’ चाचांनी बेअरिंग बदललं, पट्टा बदलला, पायाखाली रबर घातलं. दर वेळी नवा इलाज, दर वेळी तोच आवाज, आणि दर वेळी चाचांचं ‘आलो रं’. मग बशीत चहा ओतत एकच प्रश्न: ‘आधी कोनाच्या हातात व्हतं हे?’

‘रसायनीचा कारखाना.’

‘बरं.’ ते ‘बरं’ दर शुक्रवारी थोडं लांबत चाललं होतं.

गेल्या शुक्रवारी त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं. ‘आज तू धर दातात.’ मी धरलं. चाचांनी बटण बंद केलं. वेग उतरला, आणि टकटक लेथमधून आलीच नाही. माझ्याच कवटीतून आली. कोणीतरी माझ्या आत उभं राहून दार वाजवत होतं.

‘काय म्हनतंय?’

‘माझे वडील आहेत ते,’ मी म्हणालो. मग सगळंच सांगितलं. पेपरच्या पानासकट.

चाचा दचकले नाहीत. लेथच्या मागे गेले. तिथे फिरणाऱ्या पोकळ नळीला एक लाकडी बूच होतं. पकडीने ते ओढलं. बुचावर तीन बारीक काळ्या रेघा. बाबा आपल्या प्रत्येक लाटण्यावर अशाच रेघा उठवत. नळीतून चाचांच्या तळहातावर एक सुपारी घरंगळली. वाळून गोटीएवढी झालेली, भेगांत हळद.

‘जोरात फिरताना कडेला चिकटून ऱ्हाते. वेग उतरला का आपटते. भूत नाय रं.’

खंडेनवमीला बाबा लेथची पूजा करत. त्या पूजेतली सुपारी दरवर्षी नाहीशी व्हायची आणि आई उंदरांना शिव्या घालायची. जुनी काढून नवी आत ठेवत असणार. सांगितलं कोणालाच नाही.

‘तुम्हाला कधी कळलं?’

‘पयल्याच महिन्यात. बेअरिंग बदलताना. तवाच तुज्या घरी चा प्यायला आलो व्हतो, तुजी बायको चपात्या लाटत व्हती. लाटन्यावर ह्याच तीन रेघा. म्हनली, सासऱ्यांच्या हातचं हाय.’

‘मग तीन वर्षं कसला इलाज करत होतात?’

चाचांनी सुपारीवरचा भुसा फुंकला. ‘वाटलं, तूच आपनहून सांगशील. आनि कोनी पूजेनं ठेवलेलं मी कसं काढू?’ त्यांनी सुपारी तळहातावर फिरवली. ‘पोरं कुवेतला. तुजी चाची गेली, तवापासून दार कोन वाजवत नाय. आवाज बंद झाला असता तर तू तरी कशाला आला असतास रं?’

सुपारी बाहेर ठेवूनच त्यांनी लेथ चालवलं आणि बंद केलं. चाक मंदावत गेलं. थांबलं. काही नाही. चाचांचं तोंड सवयीने उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

मी सुपारी शर्टाला पुसली, नळीत टाकली आणि बूच ठोकून बसवलं. चाचांनी पुन्हा बटण दाबलं, पुन्हा बंद केलं.

टक. टक-टक.

या वेळी चाचा बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले.

‘आलो,’ मी म्हणालो.