ऋतिकाच्या टेबलावरचा क्रोशाचा रुमाल

कुंदाबाईंनी आयुष्यात एकही वस्तू फसून घेतली नव्हती. हे त्या स्वतःच सांगत. दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसत नसत. केळीचा घड नुसता हातावर तोलून वजन सांगावं ते त्यांनीच! व्यापारी नंतर काटा लावायचा तो केवळ रीत म्हणून. शाळा मात्र तिसरीपर्यंत. चौथीत गेल्या त्या वर्षी बापानं हातातली पाटी काढून विळा दिला आणि पुढं चारच वर्षांनी बोहल्यावर चढवलं. ती पाटी कुंदाबाई अजून विसरल्या नव्हत्या.

म्हणून नात ऋतिकाचा नंबर धुळ्याच्या मेडिकल कॉलेजात लागला, तेव्हा त्यांनी ओट्यावर उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकवलं, "साडेपाच वर्षं माह्या नातीच्या लग्नाचं नाव जो काढीन, त्याले या ओट्यावर चहा नाही!"

सावद्याच्या आसपास चहा नाही म्हणजे वाळीतच टाकल्यासारखं. गल्ली गप्प बसली. पण कुंदाबाईंना धास्ती बाहेरच्यांची नव्हतीच, घरातल्या ललितची होती. ललित, म्हणजे ऋतिकाचा बाप, उन्हातल्या तुपासारखा माणूस. बागायत आणि मोटार असलेलं एखादं स्थळ ओट्यावर येऊन बसलं की पातळ झालाच! ते स्थळ यायच्या आत पोरीला टेबल-खुर्ची-पुस्तकांनिशी धुळ्याला नेऊन बसवायची, असा बेत ठरला. आणि खरेदी? ती अर्थात कुंदाबाई करणार!

जळगावच्या दुकानात ऋतिकानं पर्समधून यादी काढली. "आजी, भूपेंद्रदादांनी दिलीय. सीनियर आहेत तिथं. ते म्हणतात, पहिल्या वर्षाची त्यांची जुनी पुस्तकं..."

"जुनी? माही नात दुसऱ्याच्या उष्ट्या पुस्तकांवर डॉक्टर होईन? ठेव ती यादी!"

मग त्यांनी एकेक पुस्तक तळहातावर घेऊन तोलायला सुरुवात केली. "हे दे. हे नको, पोचट हाये. हे दे. याच्यात तर गरच नाही!"

दुकानदार घाबरत म्हणाला, "आजी, तुम्ही काढलीत ती पहिल्या वर्षाला लागत नाहीत."

"मंग कोन्त्या वर्षाले लागतात?"

"चौथ्या."

"म्हणजे लागतात ना! मंग बांध!"

सगळ्यात शेवटी त्यांना एक पुस्तक सापडलं. वजनाला विटेसारखं, कागद गुळगुळीत, आणि पुठ्ठ्यावर आईच्या पोटात झोपलेलं गुलाबी बाळ. बघत राहावं असं! ऋतिका कानाला लागून कुजबुजली, "आजी, हे बाळंतपणाचं आहे."

"मंग काय झालं? मी काय बाळंतपणं पाह्यली नाहीत? हे सगळ्यात वर बांधा!"

टेबल सागाचं घेतलं. दिवा मान वाकवणारा घेतला. खुर्ची फिरती होती. कुंदाबाई पारखायला म्हणून बसल्या त्या तीन गिरक्या घेऊनच थांबल्या. पदर सावरत म्हणाल्या, "चालते."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण एवढी भारी खरेदी चार बायकांनी बघितली नाही तर ती केल्यासारखी वाटते का? कुंदाबाईंनी बैठकीच्या खोलीत टेबल मांडलं. उघडं लाकूड डोळ्यांना बोचायला लागलं म्हणून त्यावर ट्रंकेतला क्रोशाचा रुमाल पसरला. दिव्याला मोत्यांची झालर बांधली. पुस्तकांची उतरंड रचून प्रत्येक पुठ्ठ्याला हळदीकुंकू लावलं. आणि समोरच्या बेबाबाईंकडं निरोप धाडला, "रविवारी ऋतिकाचं सामान पाहाले या."

आता आपल्याकडं मुलीचं सामान मांडून, त्यावर क्रोशाचा रुमाल घालून, बायकांना बघायला कधी बोलावतात हे बेबाबाईंनाच काय, बेबाबाईंच्या म्हशीलाही ठाऊक होतं!

त्यात रविवारीच भूपेंद्र उगवला. उंच, गोरा, चष्मेवाला. ऋतिकासाठी आपली जुनी पुस्तकं फुकट द्यायला बिचारा धुळ्याहून मोटारसायकलवर आलेला. दारी डॉक्टर आला म्हटल्यावर कुंदाबाई त्याला तसाच जाऊ देतील? वरणबट्टी आणि घोटलेल्या वांग्यांचं जेवण झालं. मग पाटावर बसवून कपाळाला कुंकू, अंगावर टॉवेल, डोक्याला टोपी, हातात नारळ! ललितनं पुढं होऊन हातात हात दिला. नेमक्या त्याच वेळी बेबाबाई सात बायका घेऊन दारात उभ्या.

"व माय!" बेबाबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

"या या! डॉक्टर हायेत, धुळ्याचे," कुंदाबाई अभिमानानं म्हणाल्या.

"दिसतात ना! मोठे गुणी दिसतात!"

भूपेंद्र टोपी सावरत लाजला. लाजायला नको होतं!

बायकांनी टेबल बघितलं, रुमाल बघितला, दिव्याच्या झालरीला हात लावून बघितला. रिकाम्या हातानं बघायचं नाही म्हणून ऋतिकाची ओटी भरली. स्टीलचे डबे निघाले, ब्लाउजपीस निघाले. कुंदाबाईंचा ऊर भरून आला. डॉक्टरकीला एवढा मान! मग बेबाबाईंची नजर वरच्या पुस्तकावरच्या गुलाबी बाळावर गेली. त्यांनी ते बाळ बघितलं. ऋतिकाकडं बघितलं. परत बाळाकडं बघितलं. आणि हळूच विचारलं, "कुंदाबाई, लवकरच उरकणार का?"

"तर! या हप्त्यातच धाडायचं. थांबून कसं चालीन?"

"नाही, नाही. थांबून कसं चालीन," बेबाबाई म्हणाल्या आणि चहा न पिताच उठल्या. त्यांना घरोघर जायचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात जीप थांबली. पहूरहून कुंदाबाईंचा धाकटा भाऊ मगन आला होता. एका काखेत पैठणी, दुसऱ्या काखेत फेटा, आणि चेहरा तव्यासारखा तापलेला.

"अक्का! नातीची सुपारी फोडली आन भावाले खबर नाही? मी मेलो का?"

"कोनाची सुपारी?"

"कोनाची म्हणजे? पहूरच्या बाजारात मले दूधवाला विचारतो, नवरदेव धुळ्याचा ना? लग्नाची घाई हाये ना? घाई कायची हेही तो सांगत होता, पन मी त्याच्या एक मुस्कटात ठेवली!"

कुंदाबाईंनी टेबलाकडं बघितलं. रुमालाकडं बघितलं. गुलाबी बाळाकडं बघितलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वस्तूंचं खरं वजन कळलं.

ऋतिका रडकुंडीला आली. "आजी, हे कॉलेजात पोचलं तर मी तोंड कसं दाखवू? त्या दादांना काय वाटेल?"

त्यात ललितनं हळूच तोंड उघडलं, "आई, पोरगा तसा वाईट नव्हता..."

"चूप!"

हेच ते भय! गाव म्हणतंय, भाऊ पैठणी घेऊन आलाय, बाप पातळ होतोय. आणखी दोन दिवस गेले तर मांडवच पडायचा. कुंदाबाईंनी पदर खोचला, तरातरा मारुतीच्या देवळात गेल्या, पुजाऱ्याच्या हातातून भोंग्याचा माईक हिसकला आणि गावाला सांगितलं, "कुंदाबाई बोलते! माह्या ऋतिकाचं लग्न नाही! ऐकलं ना बठ्ठ्यांनी, साऱ्या गावानं? लग्न नाही! त्या पोराशी आमचा काही संबंध नाही!"

घरी येऊन त्या मगनला म्हणाल्या, "मिटलं. घे चहा."

चहा उकळायच्या आत बेबाबाई दारात! या खेपेला अकरा बायका होत्या आणि सगळ्यांचे पदर डोळ्यांना. एकीनं ऋतिकाला छातीशी धरलं. दुसरी म्हणाली, "मेल्याचं वाटोळं होईन!"

"कोनाचं?" कुंदाबाईंनी विचारलं.

"त्या डॉक्टरचं! ठरलेलं मोडलं ना त्यानं? टेबल पाहून अजून काय मांगलं म्हणे? मोटार?"

"अहो बाई, मोडलं नाही! ठरलंच नव्हतं!"

"आसंच सांगा," बेबाबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आम्ही बी आसंच सांगू सगळ्याले."

कुंदाबाई आणखी समजवायला गेल्या, तेवढ्यात बेबाबाईंनी गावकीचा निकाल देऊन टाकला, "कुंदाबाई, आमचं ऐकशान? पोरीले आता शिकू द्या. चांगली डॉक्टर होऊ द्या. साडेपाच वर्षं तिच्या लग्नाचं नाव कोनी काढाचं नाही! ललितभाऊ, तुम्हीबी नाही!"

अकरा माना एकदम हलल्या. ललितनं मान खाली घातली. मगननं पैठणी परत पिशवीत कोंबली.

ऋतिका कळवळून म्हणाली, "आजी, त्यांना खरं सांग ना!"

कुंदाबाईंनी नातीचा हात घट्ट दाबला. मग सावकाश पदर डोळ्यांना लावला. इतका सावकाश, की आतलं हसू झाकायला पुरेसा वेळ मिळावा.

"तुम्ही म्हणता तर शिकू देते बाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या शब्दाबाहेर मी हाये का?"

आणि सगळ्यांना चहा दिला.

ऋतिका धुळ्याला गेली ती भूपेंद्रची जुनी, पेन्सिलीच्या खुणांची पुस्तकं घेऊन. तो धुळ्यात होता म्हणून वाचला. सावद्याच्या बाजारात दिसला असता तर टॉवेल-टोपीसकट परत गेला नसता! वसतिगृहात टेबल-खुर्ची आधीच होती, त्यामुळे सागाचं टेबल गावीच राहिलं. दुकानदारानं जाड पुस्तकं परत घेतली नाहीत. हळदीकुंकू लावलेला माल तो घेत नाही म्हणे.

"फसून नाही घेतली," कुंदाबाई विचारल्याशिवायच सांगतात. "आधीच घेऊन ठेवली. चौथं वर्ष काय येनार नाही?"

दुपारी घरात कुणी नसलं की कुंदाबाई त्या फिरत्या खुर्चीत बसतात, झालरीचा दिवा लावतात आणि गुलाबी बाळाचं पुस्तक मांडीवर घेऊन एकेक चित्र बोटानं वाचतात. कुणी आलंच तर सांगतात, धूळ झटकतेय.

एवढी धूळ गावात दुसऱ्या कुठल्याच टेबलावर बसत नाही!