खाजामियाँच्या रानातली इर्जिक

सोलापुरात जैनबबीच्या डोळ्याचं ऑपरेशन उरकून खाजामियाँ माकणीत उतरला, तर आपल्या रानाच्या बाजूला त्याला धुरळा उठलेला दिसला. वावटळ असेल, म्हणून त्यानं मनाची समजूत घातली. पण वावटळीला ट्रॅक्टरचा आवाज नसतो, आणि एकदम चार-पाच ट्रॅक्टरांचा तर नसतोच नसतो. बायकोला घरी सोडून तो तसाच रानाकडं पळाला.

तीन वर्षं त्यानं त्या रानाला नांगर लावला नव्हता. एका संस्थेच्या अर्पिता मॅडमनी सांगितलं होतं, "काका, नांगरू नका, धसकटं जाळू नका. पिकानं हवेतला कर्ब ओढून घेतलाय, तो मातीतच मुरू द्या. जमीन सुधारेल आणि जगाचा ताप तेवढाच कमी होईल." खाजामियाँला पटलं. गावाला कुठलं पटतंय? 'खाजामियाँ हवा पुरून ठेवतोय' म्हणत चहाच्या टपरीवर लोक पोट धरून हसले. तेव्हापासून त्यानं तोंडच मिटलं. उद्या मॅडम मातीचा नमुना घ्यायला यायच्या होत्या. कर्ब वाढलाय हे एकदा सिद्ध झालं, की टपरीवर जाऊन सगळ्यांच्या नाकावर टिच्चून सांगायचं, एवढ्या एका आशेवर बिचाऱ्यानं तीन वर्षं टिंगल गिळली होती.

तो बांधावर पोचला तेव्हा नांगराचं शेवटचं तास निघत होतं. सगळं रान उलथंपालथं झालेलं. शेजारचा गुरुलिंग धुळीनं माखलेल्या तोंडानं हसत पुढं आला.

"या खाजाभाई. वहिनी कशा हायत?"

"अप्पा, हे काय?"

"इर्जिक घातली तुमच्यासाठी. आवो, तीन वर्सं झाली, रानाला नांगर न्हाय, बघतोय. तुमी काय बोलत न्हाय. त्यात वहिनींचा दवाखाना. म्हटलं, हवा पुरायचं नुसतं निमित्त, गडी खचला. आमी काय मेलो व्हतो व्हय?"

इर्जिक म्हणजे अडल्या माणसाचं रान सगळ्यांनी मिळून नांगरायचं, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. असल्या उपकाराला नाही म्हणता येत नाही, आणि नांगरट उरकल्यावर तर नाहीच नाही. गुरुलिंगचं स्वतःचं रान अजून तसंच होतं. 'माझं मागनं बघू, आधी खाजाभाईचं' असं म्हणून त्यानं सगळ्यांना गोळा केलं होतं. कडेच्या खडकात त्याचा नांगर मोडला, तरी गडी हसतच होता.

"लई खोल लावलाय," तो म्हणाला. "एक धसकट ठेवलं न्हाय. समदं येचून पेटवून दिलं."

खाजामियाँ मटकन खाली बसला आणि त्याच्या डोळ्यांना धार लागली. ते बघून मंडळींना गहिवरून आलं.

"रडू नका चाचा," मागून कुणीतरी म्हणालं. "पुढल्या वर्सी बी येऊ की."

संध्याकाळी अंगणात पंगत बसली. खाजामियाँ आत जाऊन डोळ्याला पट्टी बांधलेल्या बायकोपाशी पुटपुटला, "मेरी तीन साल की मेहनत मिट्टी में मिलाए, और मैं इनकू गोश खिलाऊँ?"

"चूप बैठो जी. लोकां दिल से करे," जैनबबी म्हणाली. "और गुरुलिंगअप्पा की दाल अलग निकालो. उनो गोश नहीं खाते."

त्यानं डाळ अलग काढली. वर तुपाची धारही सोडली. करतो काय?

सकाळी अर्पिता मॅडम आल्या आणि रान बघून जागच्या जागी थांबल्या.

"हे कुणी केलं?"

गुरुलिंग छाती काढून पुढं झाला. "आमी. समद्यांनी मिळून."

"अहो, इतक्या वर्षांचा साठवलेला कर्ब मोकळा केलात तुम्ही. आता तो हवेत चालला."

सगळ्यांनी माना वर करून आभाळाकडं बघितलं.

"मग आता गावतोय का परत?" शेवटी गुरुलिंगनं हळूच विचारलं.

वर नुसते ढग होते. दुपारीच पाऊस लागला आणि आठवडाभर हटला नाही. गुरुलिंगचा नांगर मोडलेला, रानात चिखल. शेवटी देवाचं नाव घेऊन त्यानं धसकटांतच सोयाबीन टोकलं. मग पावसानं जी दडी मारली, ती मारलीच. नांगरलेली रानं करपली, त्यात खाजामियाँचं सगळ्यात आधी. काडीकचऱ्याखाली ओल धरून गुरुलिंगचं सोयाबीन तेवढं हिरवंगार. मॅडमनी कौतुकानं त्याच्या बांधावर संस्थेची पाटी रोवली. टाळ्या वाजवायला खाजामियाँला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. आता टपरीवर गुरुलिंग कर्बाविषयी बोलतो, आणि तेच लोक माना डोलावून ऐकतात. खाजामियाँ चहा पितो आणि उठून जातो. आपलं नशीबच फुटकं, हे त्यानं मनाशी पक्कं केलंय.

तरी त्यानं नव्यानं सुरुवात केली. रानात काडी पसरली, आणि उन्हाळा आल्यावर बांधावर बाज टाकून राखण धरली. बघतो तर पलीकडच्या बांधावर गुरुलिंगचीही बाज.

"काय अप्पा, चोरांचं भ्या वाटतंय व्हय?"

"चोर काय नेणार, खाजाभाई?" गुरुलिंगनं गावाकडं एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "पर आपल्या गावची माणसं लई चांगली हायत."