डब्यात उरलेले स्क्रू

माणूस स्वतःच्या हाताने केल्याशिवाय शिकत नाही, आणि स्वतःच्या हाताने केलं की एक स्क्रू उरतो, हे शिक्षणाचं मूलभूत तत्त्व आहे. (पुस्तकांत ते आढळत नाही. पुस्तकं कुणी खोलून पुन्हा जोडलेली नसतात.)

कार्यालयाच्या देखभाल विभागातल्या फिटरबाईंनी हे तत्त्व सातव्या वर्षीच सिद्ध केलं. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी खोललं, जोडलं, आणि ते चालूही झालं, फक्त उलटं. "असू दे," आई म्हणाली, "निदान शाळेला उशीर तरी होणार नाही." उरलेला स्क्रू बिस्किटांच्या डब्यात गेला. त्याच्या मागोमाग आत्याचं शिलाई मशीन (दोन स्क्रू), मामाची सायकल (एक स्क्रू, शिवाय मामाचा एक दात) आणि मोठ्या जावेचा मिक्सर (तीन, जाऊबाई महिनाभर बोलल्या नाहीत, म्हणून हा प्रयोग यशस्वी धरला आहे). नोकरीच्या तेवीस वर्षांत डबा काठोकाठ भरला. दुरुस्त केलेल्या वस्तूंपैकी अठ्ठ्याण्णव टक्के अजून चालतात. उरलेल्या दोन टक्क्यांनी तक्रार केलेली नाही.

मग पर्यवेक्षकाची जागा निघाली. बाईंचे गुडघे शिडीला कंटाळले होते आणि निवृत्तीआधीची ही शेवटची संधी होती, त्यामुळे ती जागा त्यांना मनापासून हवी होती. अर्जासोबत 'प्रत्यक्ष अनुभवाचा पुरावा' मागितला होता. बाकीच्या अकरा उमेदवारांनी प्रत्यक्ष कार्यानुभव शिबिराची प्रमाणपत्रं जोडली. हे शिबिर फार उपयुक्त असतं. तीन दिवस पडद्यावर पान्याचं चित्र दाखवतात. खरा पाना काचेच्या कपाटात असतो आणि त्याला हात लावायला मनाई असते, त्यामुळे आजवर एकही प्रशिक्षणार्थी जखमी झालेला नाही. (एक जण झोपेत खुर्चीवरून पडला, पण तेव्हा जेवणाची सुट्टी होती.)

मुलाखतीत बाईंनी निवड समितीपुढे डबा ठेवला.

अध्यक्षांनी त्यातला एक जाडसर स्क्रू उचलला. "हा कशातला?"

बाईंना खोटं बोलता येत नसे. त्याचं शिबिर त्यांनी केलं नव्हतं.

"तुमच्या खुर्चीतला, साहेब. गेल्या वर्षीचा."

चालू मुलाखतीत अध्यक्षांनी उठावं अशी नियमांत तरतूद नाही. म्हणून ते विचार करण्यासाठी मागे रेलले, आणि विचारासकट जमिनीवर आले. हात दाखवून अवलक्षण झालं, आता जागा गेली, असं बाईंना वाटलं. पण खुर्ची तर उभी करायला हवी होती. बाहेरच्या अकरा प्रमाणित उमेदवारांना आत बोलावण्यात आलं. त्यांनी खुर्ची चारी बाजूंनी पाहिली आणि पडदा कुठे आहे, असं विचारलं.

बाईंनी खुर्ची उलटी केली, तो जाडसर स्क्रू जागेवर बसवला आणि पिळला. चार मिनिटं लागली. अध्यक्ष बसले, गोल फिरले, मागे रेलले, आणि कागदावर त्यांनी शेरा मारला: 'पुरावा समाधानकारक. नेमणूक करावी.'

बाईंनी घरी जाऊन आधी गुडघ्यांना ही बातमी सांगितली. मग डबा आवरायला घेतला, तर त्यात त्याच जाडीचे आणखी चौदा स्क्रू निघाले. गेल्या वर्षी अध्यक्षांच्या खुर्चीबरोबरच दुरुस्त केलेल्या चौदा खुर्च्या कार्यालयाने पुढे स्वस्तात विकल्या होत्या. कुणी घेतल्या, याची नोंद नाही.

आपण ज्या खुर्चीत बसून हे वाचत आहात ती नवी घेतलेली असेल, तर काळजीचं कारण नाही. स्वस्तात मिळाली असेल, तर उरलेलं आयुष्य जरा पुढे झुकून बसावं.