चौकोन जोडण्याचा धडा

थोरल्या जावेनं विणकामाच्या वर्गात नाव घातलं आणि पहिल्याच दिवशी ते काढून घ्यायची वेळ आली. वाचनालयाच्या माडीवरच्या खोलीत ती कोऱ्या लोकरीची पिशवी घेऊन शिरली आणि बघते तर काय, खिडकीशी धाकटी जाऊ बसलेली. तीही सासूबाईंचा तो मेंदीरंगी स्वेटर घालून.

दोघींमध्ये नऊ वर्षांचा अबोला होता आणि त्याचं मूळ तो स्वेटरच होता. सासूबाई गेल्यावर दागिने, भांडी, शिवणयंत्र, सगळ्याची वाटणी दोघींनी इतक्या गुण्यागोविंदानं केली की तमाशा बघायला जमलेल्या नातेवाइकांची घोर निराशा झाली. मग कपाटाच्या तळातून पुढे बटणं असलेला तो स्वेटर निघाला. सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी विणलेला. "दोन हिवाळे खपले मी त्याच्यावर," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या आणि लगेच सुनांकडे बघून म्हणायच्या, "नाहीतर या दोघी! साधा सुलटा टाका घालता येत नाही." थोरलीचं म्हणणं, आजारपणात उशापायथ्याशी मी होते, स्वेटर माझा. धाकटीचं म्हणणं, तुला शोभेल असं आई मलाच म्हणाल्या होत्या. शब्दानं शब्द वाढला, धाकटीनं स्वेटर पिशवीत कोंबला, आणि तिथून दोन्ही घरांचं येणंजाणं नवऱ्यांपुरतं उरलं.

थोरलीनं तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर तिनं मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. विणकाम शिकायचं, हुबेहूब तसाच स्वेटर विणायचा आणि एखाद्या लग्नात तो घालून धाकटीच्या समोरून सावकाश चालत जायचं. लोकरीचा रंग मिळवायला तिनं पाच दुकानं पालथी घातली होती. आता माघार कशी घ्यायची? धाकटीही जागची हलली नाही. दोघींनी खोलीची दोन टोकं पकडली आणि बोलणं सुरू झालं ते शिकवणाऱ्या बाईंच्या मार्फत.

"बाई, त्यांना सांगा, खिडकी लावा म्हणावं. वारा येतोय."

"बाई, त्यांना सांगा, ज्यांना वारा लागतो त्यांनी काहीतरी अंगात घालून यावं."

बाईंचं समोरच शिवणाचं दुकान होतं. ओठांत टाचण्या धरूनच बोलायची त्यांना सवय होती. त्या दोघींकडे बघायच्या, टाचण्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवायच्या आणि म्हणायच्या, "साखळी घाला, साखळी."

पाचव्या शनिवारी अर्ध्या खोलीला रंग द्यायला घेतला होता. उरलेल्या अर्ध्या खोलीत सगळ्याजणी दाटीवाटीनं बसल्या. थोरली शेवटी आली आणि तिच्या वाट्याला आलं खिडकीजवळचं बाकडं, धाकटीच्या अगदी मांडीला मांडी लावून. दोघींनी लगोलग विरुद्ध दिशांना माना फिरवल्या.

"आज क्रोशाचे चौकोन एकमेकांना जोडायचे," बाई म्हणाल्या. "आणि कामाकडे बघायचं नाही. डोळ्यांचं काम बोटांनी करायचं. दोन्ही कडा जुळवा, सुई आरपार घाला, धागा ओढा. घट्ट ओढा, ही जोडणी पुन्हा सुटता कामा नये."

कामाकडे बघायचं नाही, ही अट थोरलीला फारच सोयीची वाटली. तिनं मान भिंतीकडे वळवली आणि हाताला लागलेल्या दोन कडा जुळवल्या. एक तिच्या चौकोनाची होती. दुसरी जरा जाड लागली, पण बाईंनी बोटांवर विश्वास ठेवायला सांगितलं होतं. इतके दिवस सैल पडणारे टाके आज कसे मोत्यासारखे पडत होते. तिनं एक बाजू जोडून संपवली, पक्की गाठ मारली, उरलेलं टोक टाक्यांत लपवलं आणि पाठोपाठ दुसरा चौकोनही तिथंच जोडला.

तास संपला. थोरली ताठ मानेनं उठली. तिच्याबरोबर धाकटीही उठली.

"सोडा मला!" धाकटी किंचाळली.

"मी कुठं धरलंय तुला?"

नऊ वर्षांतलं हे पहिलं बोलणं. थोरलीनं खाली बघितलं. तिचे दोन्ही चौकोन सासूबाईंच्या स्वेटरच्या काठाला असे बसले होते, जणू तिथंच जन्मले होते. पिशवीतल्या लोकरीच्या गुंड्याचा धागा त्या गडबडीत तिच्या मनगटाला, बाकड्याला आणि धाकटीच्या पर्सला वेढे घालून बसला होता.

"मुद्दाम केलंत तुम्ही!"

"मला मुद्दाम एवढं सुबक येत असतं तर वर्गाला कशाला आले असते?"

हे मात्र धाकटीला पटलं. तेवढ्यात बुद्धिबळवाले आजोबा पट घेऊन दारात हजर झाले. चारनंतर खोली त्यांची असे. "चालू द्या तुमचं," म्हणत ते समोरच्या खुर्च्यांवर बसून टक लावून बघू लागले, आणि बाकडं सुटलं तरी मनगट सुटेना, म्हणून बाईंनी दोघींना तशाच खाली, समोरच्या आपल्या दुकानाकडे नेलं. जिना अरुंद, म्हणून खेकड्यासारखं आडवं उतरावं लागलं. रस्ता ओलांडताना गाडी बघून थोरली पुढं धावली, धाकटी मागं थांबली आणि स्वेटर मधल्या मधे ताणला गेला.

"हळू! फाटेल ना तो!" दोघी एकदमच ओरडल्या.

दुकानात बाईंनी कात्री उचलली.

"कापू नका!" पुन्हा दोघी एकदम.

"मग काय जन्मभर अशाच फिरणार?"

"धागा चुकून स्वेटरचा कापला गेला तर उसवत जाईल," थोरली म्हणाली. मग जरा थांबून, दुसरीकडे बघत म्हणाली, "रंग सारखाच आहे. मी... तसाच आणला होता."

धाकटीला अर्थ कळायला क्षणभर लागला. तिनं हळूच उजवा हात वर केला. कोपराला रुपयाएवढं भोक होतं. "मला हे बुजवायचं होतं," ती म्हणाली. "रंग कुठं मिळेना. तुम्हाला विचारायचं तरी कसं?"

बाईंनी चष्मा नाकावर घेतला. थोरलीची सुई काठाच्या दुमडीतून आरपार गेली होती. ती दुमड हातशिलाईची होती. बाईंनी ती अलगद उसवली, आणि आतून बोटभर लांबीची एक पांढरी पट्टी लोंबत बाहेर आली.

अक्षर बारीक होतं, पण थोरलीचा सगळा जन्म बारीक अक्षरात गेला होता. तिनं वाचलं, "यंत्रावर विणलेला. गार पाण्यात धूवावा. पिळू नये. माप मोठे." मग सवयीनं म्हणाली, "धुवावामधला धु दीर्घ छापलाय." आणि मग तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," टाचण्यांतून बाई म्हणाल्या. "पण तुम्ही एवढ्या कौतुकानं सांगत होतात, सासूबाईंनी विणला म्हणून. मी कशाला विरजण घालू?"

धाकटीनं पट्टी बोटांत धरून उलटसुलट करून बघितली.

"दोन हिवाळे," धाकटी पुटपुटली.

"खपले मी त्याच्यावर," थोरलीनं पुरं केलं, आणि दोघींना असं हसू फुटलं की बाईंना सुई बाजूला ठेवावी लागली. हसता हसता धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुपारी दार लावून विणत बसायच्या ना, वहिनी? नमुना कुणाला दिसू नये म्हणून."

"अगं, जमत नसेल त्यांना," थोरली म्हणाली. "आपल्यासारखंच. आणि सांगायचं कुणाला?"

टाका टाका उसवायला पाऊण तास लागला. पट्टी बाईंनी पुन्हा दुमडीत शिवून टाकली आणि भोक थोरलीच्या लोकरीनं बुजवलं. ओबडधोबड दिसत होतं, पण दोघींनी मिळून बुजवलं होतं.

थोरली घरी पोहोचली तेव्हा नवरा दारातच उभा होता. "इतका उशीर?"

"धाकटीकडे जाऊन आले. चहा घेतला तिच्याकडे. मिटलं आमचं."

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कसं काय गं मिटलं?"

"आईंच्या त्या स्वेटरमुळे."

"बघ," तो म्हणाला, "शेवटी आईनंच जोडलं तुम्हाला. तिच्या हातात जादूच होती. एकेक टाका जीव ओतून घातला होता तिनं."

"हो ना," एवढंच बोलून थोरली झटकन स्वयंपाकघरात गेली, दार लावलं आणि धाकटीला फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसतं खुसखुसणं ऐकू आलं, मागे नळ सोडलेला.

"हळू बोला, वहिनी," धाकटी कशीबशी म्हणाली. "मी न्हाणीघरात कोंडून घेतलंय. आमचे हे तो स्वेटर मांडीवर घेऊन रडतायत. म्हणतात, काचेच्या चौकटीत लावूया."