सहभोजन मोहिमेची फत्ते आणि विहिरींतली बकरी

"सरकार, मोहीम फत्ते झाली, मग आता आम्ही जेवायचं कुणाबरोबर?" ऐसा सवाल शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस, भर दरबारांत, नववीच्या वर्गांतील कृत्तिका नामें कन्येनें उभी राहोन खणखणीत आवाजें पुसिला, त्याची साद्यंत हकीकत लिहावी ऐसें योजिलें. आरंभ ज्याच्या हातीं आणि शेवटही ज्याच्याच हातीं त्या गणरायास आधीं नमस्कार, आणि मध्यें जें राहून जातें त्यासही एक नमस्कार. राज्याचें नांव लिहिलें नाही. वाचणारांनीं आपापल्या राज्याचें घालावें, बहुधा बसेल.

तर त्या राज्यांत रीत ऐशी कीं कोणतेंही काम काम म्हणोन होत नसे, मोहीम म्हणोन होत असे. रस्ता झाडणें तरी मोहीम, पुस्तक वाचणें तरी मोहीम, आणि शेजाऱ्याकडे पाहोन हंसणें तरी मोहीमच. मोहिमेस नांव असे आणि झेंडा असे आणि नेमके चाळीस दिवस असत, एकेचाळिसावा म्हणोन दिवस नसेच. चाळिसावे दिवशीं नगारा वाजे, छायाचित्र निघे, अहवाल दाखल होई, आणि मग पथक मोडून माणसें दुसऱ्या मोहिमेवर रवाना होत. मग झाडलेल्या रस्त्यावर पुन्हां गुडघाभर पाचोळा सांचला तरी कोणी तिकडे ढुंकून पाहात नसे, कां कीं रस्ता स्वच्छ जाहल्याचें दप्तरीं लिहिलें होतें, आणि दप्तरास खोटें कोण म्हणणार? या सर्व मोहिमा काढणारे मोहीममंत्री विश्वंभरपंत, ते कृत्तिकेचे वडील, आणि अहवालखान्याच्या प्रमुख हेमांगीबाई, त्या तिच्या मातोश्री. पंत मोहीम उघडीत, बाई मोहीम मिटवीत, दोघेंही राज्यभर वाखाणलीं जात, आणि कन्या घरीं येऊन कुकर उघडून, ओट्यापाशीं उभी राहोन, एकटी जेवी.

पुढें पंतांच्या ध्यानीं आलें कीं राज्यांत लोक एकेकटे जेवतात. (घरच्या ओट्याकडे पाहोन ध्यानीं आलें ऐसें कांहीं म्हणतात. पंत स्वतः पाहणीचें नांव सांगत.) मग त्यांनीं 'सहभोजन मोहीम' काढली आणि हुकूम फिरविला कीं दिवेलागणीस घरच्या सर्वांनीं एकत्र पानावर बसावें, मोबाइल फडताळांत कोंडावे, आणि जो कोणी एकटा असेल त्यास सरकारांतून जेवणाचा सोबती नेमून मिळेल. आणि काय सांगावें, ते चाळीस दिवस कृत्तिकेच्या घरीं सणासारखे गेले! पंत स्वहस्तें वाढीत आणि सांडीत, बाई आमटींत गूळ पडला कीं नाही यावरून भांडत, आणि भांडतां भांडतां हंसत, आणि पंतांनीं एक गोष्ट सांगावयास घेतली ती रोज थोडी थोडी पुढें जात असे. गोष्ट खुद्द त्यांची. नऊ वर्षांचे असतां आत्याच्या गांवीं गेले होते, घरचीं मोठीं माणसें शेजारच्या गांवीं लग्नास गेलेलीं, दुपारची वेळ, आणि आत्याची लाडकी बकरी, नांव चांदी, कोरड्या विहिरींत पडली. आतां हें एका दिवसांत सांगून व्हावें, परंतु पंत मध्येंच आत्याच्या यजमानांच्या मिशांत शिरत आणि तेथून चार दिवस बाहेर येत नसत. चाळिसावे दिवशीं मात्र गोष्ट ऐन भरास आली. "दोर चिंचेला बांधला," पंत म्हणाले, "खाली उतरलो, चांदीला जवळ घेतलं, आणि वर पाहतो तर..." इतक्यांत बाहेर नगारा वाजला. पंत हात धुवावयास उठले. "बाबा, वर पाहता तर काय?" "उद्या सांगतो गं," म्हणाले आणि गेले. परंतु उद्यां म्हणजे एकेचाळिसावा दिवस, आणि तो तर त्या राज्यांत नव्हताच. मग भिंतीवर सहभोजन यशस्वी जाहल्याची सनद टांगली गेली, तिजखालीं कन्या पुन्हां एकटी जेवूं लागली, आणि बकरी विहिरींतच राहिली.

आठ दिवस ऐसे गेले आणि विजयाचा दरबार ठरला. शाळेंत मधल्या सुटींत कृत्तिकेनें हें सर्व निगार आणि जुईली या दोघी मैत्रिणींस सांगितलें. जुईली म्हणाली, "मग विचार ना दरबारात. विचार, की आता जेवायचं कुणाबरोबर?" निगार म्हणाली, "ही? बाबांसमोर? तंतरेल हिची!" आतां हें खरें कीं मागील सालापर्यंत हजेरीस 'हजर' म्हणतांही कृत्तिकेचा घसा बसत असे. परंतु या सालीं वक्तृत्वाच्या स्पर्धेंत तिला आपला आवाज सांपडला होता, आणि सांपडल्यापासोन ती तो जेथें तेथें वापरून पाहात होती. "विचारेन की," ती म्हणाली. "विचारलंस तर महिनाभर माझ्या डब्यातला अंडा-पराठा तुझा," निगार म्हणाली, आणि पैज लागली.

मग दरबारांत सवाल पडला तो वर लिहिलाच आहे. पंत पागोट्यापासोन जोड्यापर्यंत पांढरे पडले, आणि सरकारस्वारी क्षणभर विचारांत पडोन एकाएकीं प्रसन्न जाहली. "सवाल नामी आहे," सरकार म्हणाले, "पंत, यावर मोहीम काढा. आणि प्रमुख ही मुलगीच." लागलीच शाल आली, बिल्ला आला, कातडी पिशवी आली, टाळ्या पडल्या, पंतांचे डोळे भरोन आले, आणि खरें लिहावयाचें तर कृत्तिका आपला सवाल तेथेंच विसरली. इतक्या लहान वयाचा प्रमुख त्या राज्यांत पूर्वीं जाहला नव्हता! "आयला," जुईली म्हणाली, "प्रश्न विचारायला गेलीस आणि साहेब होऊन आलीस!" पैजेचा पराठा मात्र तिला मिळाला नाही, कां कीं दुसरे दिवसापासोन मधल्या सुटींतही तिला नकाशे काढावयाचे होते.

मोहिमेचें काम ऐसें कीं दिवेलागणीस घरोघर जावें आणि सहभोजनानंतर कोण कोणासंगें जेवतो तें लिहोन आणावें. निघते दिवशीं मातोश्रींनीं तिच्या पिशवींत एक गठ्ठा घातला. "ही आधीच्या मोहिमेची समाप्तीपत्रं, काहींची द्यायची राहिलीत. जाता जाता देऊन टाक, बाळा." मग कृत्तिका मोठ्या उमेदीनें निघाली, आणि पहिल्या घरीं गेली, आणि दुसऱ्या घरीं गेली, आणि पन्नासाव्या घरीं गेली, आणि सर्वत्र एकच पाहिलें. भिंतीवर सनद चकचकीत पुसलेली, आणि खालीं एकजण भिंतीस टेकून जेवतो आहे, एकजण खिडकींत, एकजण जिन्यावर, मोबाइल पाण्याच्या तांब्यास टेकवून. "एकत्र?" एक बाई हंसोन म्हणाल्या, "आता कशाला गं? आमचं पूर्ण झालं ना!" कृत्तिकेनें तें लिहोन घेतलें. पहिले आठ दिवस लिहितांना तिला मौज वाटली, पुढें लिहितां लिहितां हात जड जाहला, आणि पिशवी खांद्यावर असतां या एवढ्या गजबजलेल्या राज्यांत आपण एकटीच चाललों ऐसें तिला प्रथमच वाटलें. निगार आणि जुईली शाळेंत हात हलवीत, दुरोन.

एकतिसावे दिवशीं ती कासार आळींत दत्तू कासारांकडे पोंचली. पुढें बांगड्यांचें दुकान, मागें एक खोली, घरांत ते एकटेच. आणि खोलींत दोन ताटें मांडलेलीं, एकांत ते स्वतः बसलेले, दुसरें रिकामें. दोन ताटें तिनें महिन्याभरांत कोठेंही पाहिलीं नव्हतीं. "ये ये," दत्तू कासार म्हणाले, "तू नवी सोबतीण का?"

"नाही मामा, मी पत्र..." म्हणत तिनें पिशवींत हात घातला.

"आधीची ती सुमन, तुमच्या कचेरीतली, बरी होती बिचारी. भात फार खायची. एक दिवस यायची थांबली. म्हटलं आजारी असेल. मग रोज ताट मांडतो, न जाणो, आली तर. मोहीम संपली असती तर पत्र आलं असतं ना? सरकार असं न कळवता सोडत नाही." आणि मग तिच्या हाताकडे पाहोन म्हणाले, "कसलं पत्र?"

पत्र बोटांस लागलें होतें. वर त्यांचें नांव, खालीं मातोश्रींची सही. ही मांडलेली दोन ताटें म्हणजे अहवालखान्याची एक चूक होती, आणि ती दुरुस्त करावयास तीच आली होती.

"काही नाही मामा," कृत्तिका म्हणाली, "भूक लागलीय."

मग ती बसली, आणि त्यांनीं वाढिलें, भाकरी आणि वांग्याचें भरीत आणि वर कच्चें तेल. "हात पुढे कर बघू," म्हणोन त्यांनीं नुसत्या नजरेनें मनगटाचें माप सांगितलें आणि हंसले. मग पुसिलें, "तुझी नेमणूक किती दिवसांची?" नऊ दिवस उरले होते. "माहीत नाही," ती म्हणाली. "बरं झालं," दत्तूमामा म्हणाले. "सुमनला माहीत होतं. ती बोटं मोजत जेवायची."

ती घरीं आली तों टेबलावर तीन ताटें पालथीं घातलेलीं आणि तांब्याखालीं चिठ्ठी, मातोश्रींच्या हातची, अहवालाच्या सुवाच्य अक्षरांत. 'आज आम्ही दोघं लवकर आलो होतो. बाबांना वाटलं, गोष्ट पुरी करू. तासभर वाट पाहिली. तुझी मोहीम चालू असेल. बटाट्याची भाजी झाकून ठेवलीय. दोघंही परत कचेरीत जातोय.' कृत्तिकेनें चिठ्ठी दोनदां वाचली, आणि ताटें एकेक करोन सुलटीं केलीं, आणि तिन्हींकडे पाहात बसली. पूर्वीं ती एकटी जेवत असे तेव्हां वाट पाहणारी ती होती. आतां वाट पाहावयास लावणारीही तीच जाहली, हें तिला त्या रात्रीं समजलें.

पौष पौर्णिमेस चाळिसावा दिवस उगवला. संध्याकाळीं दरबार भरला, नगारची टिपऱ्या घेऊन सिद्ध जाहला, नव्या मोहिमेचा झेंडाही शिवून तयार होता आणि त्यावरही कृत्तिकेचेंच नांव होतें. अहवाल येईना म्हणोन पंत आणि बाई स्वतः घरीं आले, तों टेबलावर चार ताटें मांडलेलीं, आणि चौथ्यापाशीं दत्तू कासार नव्या सदऱ्यांत अवघडून बसलेले. बिल्ला मिठाच्या वाटीशेजारीं काढोन ठेविला होता.

"हे कोण?" पंतांनीं पुसिलें.

"दत्तूमामा. जेवायला आलेत. आई, बाबा, मी अहवाल देणार नाही."

"म्हणजे उशिरा देणार?" पंत म्हणाले, कां कीं याहून वेगळें कांहीं असूं शकतें हें त्यांस ठाऊक नव्हतें.

"देणारच नाही. दिला की संपतं."

"बाळा, मग मला दप्तरात 'अपुरी' लिहावं लागेल," मातोश्री हलकेंच म्हणाल्या. "आजवर कुणाच्याच नावापुढे लिहिलं नाही मी. बिल्ला जाईल. पुन्हा कुणी तुला काही द्यायचं नाही."

"लिही," कृत्तिका म्हणाली, आणि तो वक्तृत्वाचा आवाज ऐन वेळीं थरथरला. "बाबा, बाहेरचे थांबतील थोडं. बकरी दीड महिना थांबलीय. वर पाहिलंत तर काय?"

पंत खुर्चीच्या पाठीवर हात ठेवोन उभे राहिले, आणि मग बसले. "वर पाहिलं तर कोणीच नव्हतं," ते म्हणाले. "दोर होता, पण ओढायला कोणी नाही. बकरीला मिठी मारून बसलो. हाका मारून घसा गेला. अंधार पडायला लागला."

"मग?" हें दत्तूमामांनीं पुसिलें.

"मग सगळे लग्नाहून आले, जेवायला बसले, आणि आत्यानं ताटं वाढली तर एक ताट उरलं. तिनं विचारलं, हे कुणाचं? तेव्हा निघाले मला शोधायला." पंतांनीं समोरचें रिकामें ताट उगाच सरळ केलें. "एवढीच गोष्ट आहे. का कुणास ठाऊक, पुढे सांगवत नव्हती."

मातोश्रींनीं डोळ्यांस पदर लाविला आणि भाताचें भांडें पुढें ओढिलें.

येणेंप्रमाणें सहभोजनाची मोहीम, तिच्या मागची मोहीम आणि चांदी बकरी, तिन्हींचें वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें. त्या राज्याच्या दप्तरीं मोहिमा अगणित फत्ते आणि एकच अपुरी, ती ही. इतकें होतें तों बाहेर नगारा वाजला, पंत सवयीनें अर्धे उठले, आणि कन्या वाढतां वाढतां आईबाबांस म्हणाली, "माझं ठरलंय. आजपासून रोज मी चार ताटं मांडणार. किती दिवस, ते विचारायचं नाही. आणि ज्याचं ताट उरेल त्याला मी शोधायला येणार, भर दरबारातसुद्धा."