नानांचा काठोकाठ पेला

आमच्या शेजारचे नाना गाडी बाहेर काढण्याआधी मागच्या सीटवर पाण्याचा पेला ठेवतात. स्टीलचा, काठोकाठ भरलेला. त्याच्या शेजारी गव्हाचं पोतं, आणि पोत्याला पट्टा बांधलेला. मग चावी फिरवतात. फेरी मारून आले की आधी वाकून पेल्यात बघतात, आणि आजचा दिवस चांगला गेला की वाईट, ते तिथे ठरतं. जळगावात विक्षिप्त माणसांची टंचाई नाही, पण पाण्याला विचारून जगणारा मी हा एकच पाहिला.

गाडी म्हणजे जुनी पांढरी ॲम्बॅसेडर. नाना कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी दोरीने ओढत घरी आणली आणि तेव्हापासून ते तिच्याखालीच आहेत. मी त्यांना तोंडापेक्षा चपलांवरून जास्त ओळखतो. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांतला एक त्यांनी काढला, तर गाडी बसली. परत घातला, तर आदळायला लागली. शेवटी उरलेले पाटे कानशीने घासून घासून पातळ केले. सीटमधला स्पंज उपसून फेकला, अमळनेरहून कापूस आणला आणि पिंजाऱ्याला अंगणात बसवून सीट भरून घेतली. मी विचारलं, आजकाल कापूस कोण घालतं?

"स्पंज मानूसले उडावस, सर. कापूस झेलस," नाना म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे गप्प बसलो.

हायवेवरच्या चहाच्या टपरीजवळ रविवारी सकाळी गाड्यांचे शौकीन जमतात. कुणाचा सायलेन्सर गरजतो, कुणाचे दिवे निळे. त्यांच्यातल्या हर्षलने तर गाडी इतकी खाली बसवली आहे की तिच्याखालून मांजर जाणार नाही. नानाही तिथे न चुकता जातात. पहिल्या रविवारी हर्षलने विचारलं, "नाना, पिकअप किती हो?"

"पानी सांडस का ते इचार," नाना म्हणाले. "गाडी जोरमा पयाडनं सोपं शे. चालनी का नही हेच समजाले नको, ते आवघड शे."

पोरं हसली. पण हर्षल आणि नाना यांचं जमलं, कारण दोघांचा वैरी एकच, गतिरोधक. एकाचा बंपर घासतो, दुसऱ्याचं पाणी सांडतं. जळगाव ते धुळे रस्त्यावरचा प्रत्येक उंचवटा दोघांना पाठ. एरंडोलचा कसा, पारोळ्याचा कसा, हे ते सोयऱ्यांच्या स्वभावाबद्दल बोलावं तसं बोलत.

धुळ्याचाच रस्ता का, ते सांगतो. नानांच्या थोरल्या बहीण अक्का त्यांच्याकडे राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. हादरा बसता कामा नये, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेव्हापासून अक्का फाटकाबाहेर गेल्या नव्हत्या. लेकीने धुळ्याला घर बांधलं, तेही त्यांनी फोनवरच पाहिलं. लेक म्हणाली, ॲम्ब्युलन्स पाठवते. अक्का म्हणाल्या, "आडवी व्हईसन पोरीना घर जाणार नही मी. बसीसन जासु." पोतं होतं ते अक्कांच्या वजनाचं.

आणि ऑपरेशन ज्या अपघातामुळे झालं, त्या दिवशी अक्का मागे होत्या आणि स्कूटर नाना चालवत होते. एक गतिरोधक त्यांना दिसला नाही. हे मला त्यांच्या दिवंगत पत्नीने सांगितलं होतं. नानांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, नवा पाटा घासत राहिले. मला त्यांची चेष्टा करायची सवय होती. हे कळल्यावर ती जरा कमी झाली.

गेल्या माघात सलग सहा फेऱ्यांत पाणी सांडलं नाही, तेव्हा नाना म्हणाले, "आते अक्काले नेऊ." सकाळी आठला निघालो. पुढे हर्षलची गाडी, कारण ती जिथे सावकाश होईल तिथे आम्हीही व्हायचं. मागे कापसावर अक्का, त्यांच्या शेजारी मी. पेला अक्कांनी स्वतःच्या हातात घेतला. वाटेत उतरणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून सकाळपासून त्यांनी चहासुद्धा घेतला नव्हता. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. अक्का खिडकीतून शेतं बघत होत्या आणि कुठे काय पेरलंय ते मला सांगत होत्या, जसा काही मी परगावचा. नाना पुढे काचेला डोळे लावून बसले होते.

धुळ्याच्या अलीकडे एका गावात लोकांनी रातोरात आपल्या हाताने एक उंचवटा घातला होता. ना पांढरा पट्टा, ना पाटी. हर्षलने ब्रेक दाबला, नानांनीही दाबला, पण पुढची चाकं चढलीच. अक्कांनी डोळे मिटले, ओठ घट्ट दाबले. अर्धा पेला त्यांच्या मांडीवर सांडला.

"अक्का, लागनं का?" नानांनी मागे न बघता विचारलं.

"काय लागनं? तू पुढे देख ना," अक्का म्हणाल्या, आणि ओला पदर आत दुमडून त्यावर शाल घेतली.

लेकीच्या दारात गाडी थांबली. नानांनी मागचं दार उघडलं आणि आधी पेल्यात पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. तीन वर्षांची मेहनत त्या अर्ध्या पेल्यात गेली होती.

"सांडनं," ते म्हणाले.

"सांडाले काय व्हयनं? तहान लागनी व्हती, पी लिधं," अक्का म्हणाल्या. मग त्यांनी नानांच्या खांद्यावर हात ठेवला, सावकाश उतरल्या आणि आपल्या पायांनी दोन पायऱ्या चढून लेकीच्या घरात गेल्या.

नाना माझ्याकडे वळले. "सर, तुम्ही बाजूले व्हतात. खरंच पी लिधं का?"

चौतीस वर्षं मी पोरांना खरं बोलायला शिकवलं. "हो," मी म्हणालो. "माझ्यासमोर प्यायल्या."

आता अक्का दर दोन महिन्यांनी धुळ्याला जातात. नाना गाडीत दोन पेले ठेवतात, एक परीक्षेचा आणि एक अक्कांच्या तहानेचा. प्रवासात पाणी पिणं अक्कांना अजिबात सोसत नाही. तरी नानांचं लक्ष आहे असं दिसलं की त्या दुसरा पेला उचलतात आणि शेवटच्या थेंबापर्यंत पितात.